जर-तरचं विमान

काचेवर बोट उमटलं होतं.

काच कसली — पारदर्शक प्लॅस्टिकचा पेराएवढा फुगीर तुकडा, लढाऊ विमानात वैमानिकाच्या डोक्यावर असतं ते झाकण — पण त्याच्या आतल्या अंगाला, जिथे आता कुठलंही फडकं पोचणार नव्हतं, तिच्या करंगळीच्या रेषा दुधाळ होऊन बसल्या होत्या, अगदी स्पष्ट, एकीला एक बिलगून... तिने विमान खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, परत सरळ केलं. कुठूनही बघितलं तरी दिसत होतं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ बोटाच्या तेलकटपणावर धरते आणि ठसा पांढरा होऊन वर येतो, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं! विमानांची छोटी मॉडेलं करणाऱ्यांच्या क्लबात कुणी नवखा आला की हीच त्याला बजावायची — काचेजवळ तो गोंद न्यायचा नाही, साधा पांढरा लावायचा आणि वाळेपर्यंत हात बांधून बसायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान... आणि आज सकाळी, प्रदर्शनाला निघायची वेळ झालेली असताना, झाकणाची एक कड उचलल्यासारखी वाटली म्हणून तिने तीच बाटली उघडली होती. हात बांधून बसणं जमलं नाही. घाई. कसली घाई होती मला?

पोटात ती जुनी, ओळखीची कळ आली. लहानपणी चूक उघडी पडायच्या आधी यायची तशी. एवढ्याशा ठशासाठी! पन्नाशी उलटलेली बाई, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅपा घडवण्यात जिची हयात गेली, जिच्या हातचा दात शेजारच्या खऱ्या दातापासून डॉक्टरलाही पटकन वेगळा काढता येत नाही — ती बाई वीतभर विमानाच्या काचेपायी कानाच्या पाळ्यांपर्यंत तापते, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल? म्हणजे आधी ठशाची लाज, आणि मग ठशाची लाज वाटली म्हणून वर आणखी एक लाज. दोन्ही तिने एकदमच गिळल्या आणि विमान डब्यातल्या स्पंजमध्ये बसवलं.

"झालं का गं?" बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. या छोट्या खोलीला तो थट्टेने विमानांचा हँगर म्हणायचा आणि आत पाऊल टाकायचा नाही. एकदा चाक पायाखाली गेलं होतं, तेव्हापासून. "उड्डाणाला उशीर होतोय. बाबा केव्हाचे तयार होऊन बसलेत."

बाबा खरंच केव्हाचे तयार होते. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरलेली. कुठे जायचं ते त्यांना सांगितलेलं नव्हतं — "एके ठिकाणी जाऊन येऊ, तुम्हाला आवडेल," एवढंच — आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. आई गेल्यावर मुलीकडे राहायला आले तेव्हापासून ते काही विचारतच नसत. नेतील तिकडे जायचं, वाढतील ते खायचं, पंखा लावला तर लावला, बंद केला तर केला. घरचा माणूस पाहुण्यासारखा वागायला लागला की घरच्यांनाच चोरट्यासारखं होतं. तिला त्यांचे ते चकचकीत बूट बघवेनात. एका साध्या सकाळी कुठेतरी बाहेर नेतात म्हटल्यावर बुटांना पॉलिश करणारा माणूस... किती दिवसांत नेलं नाही आपण यांना कुठे?

गाडीत ते पुढे बसले, ती मागे, डबा मांडीवर. नवरा जपून चालवत होता. खड्डा आला की आरशातून तिच्याकडे बघायचा आणि भुवया उडवायचा — म्हणजे, वैमानिक ठीक आहे ना? ती हसायची. डब्यात काय आहे, हे बाबांनी विचारलं नाही.

त्यांचंच विमान होतं डब्यात. म्हणजे डब्यातलं हे तिचं. पण ज्याच्यावरून ते केलं ते खरं, पूर्ण आकाराचं जेट ज्या कारखान्यात घडलं, तिथे बाबा तरुणपणी इंजिनिअर होते. एकच घडलं ते. काही महिने उडालं, आणि एका सकाळी हवेतल्या हवेत मोडलं. वैमानिक गेला. पुढे ते कामच बंद झालं, आणि बाबा ती नोकरी सोडून विजेचे पंखे बनवणाऱ्या कंपनीत लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. घरात या सगळ्याबद्दल एकच वाक्य होतं, ते आईच्या तोंडी — "वरच्यांनी बंद पाडलं." वरचे म्हणजे कोण, ते कधी कुणी सांगितलं नाही. पण वाक्य पक्कं होतं, घराला असतो तशा कर्त्या खांबासारखं, आणि तिने ते जन्मभर वापरलं... मैत्रिणींपाशी, लग्न ठरताना नवऱ्यापाशी, लॅबमधल्या मुलींपाशी. दर वेळी थोडी कल्हई करून. आमच्या बाबांचं विमान जगात नाव काढणार होतं, पण वरच्यांच्या डोळ्यांत खुपलं! हे सांगताना तिचा आवाज किंचित चढायचा आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत हळहळ यायची. ती हळहळ तिला आवडायची. अन्याय झालेल्या माणसाची मुलगी असण्यात एक ऐट असते.

आणि तरीही — हे मात्र तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं — तिला बाबांची लाज वाटायची. अन्यायाची नव्हे, पंख्यांची. शाळेत ती ठोकून द्यायची की बाबा अजून विमानंच करतात, पण ते गुप्त असतं. मग एका दुपारी तिला ताप चढला म्हणून शाळेने निरोप धाडला आणि बाबा कंपनीची व्हॅन घेऊन आले. व्हॅनच्या दोन्ही अंगांना हा एवढाला निळा पंखा रंगवलेला, आणि खाली ठळक अक्षरांत — आवाज नाही, फक्त वारा. सगळा वर्ग खिडकीला लागला. ती बाथरूममध्ये कडी लावून बसली; बाबा बाहेर उभे राहून हाका मारत राहिले, आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसतंच दारावर बोटाने... घरी जाताना ते काही बोलले नाहीत. त्यांना कळलं होतं का? कळलं नसेल. तापाचीच पोर ती, असं वाटलं असेल. असंच वाटलं असेल ना?

हे विमान म्हणजे त्याची भरपाई होती का? लॅबमधून परतल्यावर रोज संध्याकाळी हँगरमध्ये बसून तिने स्वतःला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. बाजारात त्या विमानाचं किट मिळणं शक्यच नव्हतं. जे जगात एकदाच झालं आणि मोडलं त्याचं खेळणं कोण काढणार? तेव्हा तिने धड एका खोक्यातलं घेतलं, पंख दुसऱ्यातले, नाक स्वतः मेणात घडवून रेझिनमध्ये ओतलं — दात करतात तसंच की! — आणि शेपूट... शेपटीची गंमतच झाली. बाबांच्या जुन्या फोटोत शेपूट बुटकी होती. प्रमाणात करून लावली तर विमान बापुडवाणं दिसायला लागलं, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं. तिने ती काढली आणि तिसऱ्याच खोक्यात उरलेली एक उंच, मागे कललेली शेपूट घासून-कापून बसवली. एकदम रुबाब आला. त्या संध्याकाळी ती किती तरी वेळ खुर्ची मागे-पुढे सरकवून नुसती बघत बसली होती.

तशी मुभा होतीच. क्लबात या प्रकाराला जर-तर म्हणत. खरी विमानं करणारी मंडळी — खिळान्‌खिळा मोजणारी — जर-तरवाल्यांकडे जरा नाकाच्या शेंड्यावरूनच बघायची. जे विमान कधी झालंच नाही, किंवा झालं पण त्या रंगात कधी उडालं नाही, ते करायचं. अट एकच, सोबत कार्डावर त्याची गोष्ट लिहायची. जर ते काम बंद पडलं नसतं, तर... आणि तिने लिहिली होती. मनापासून लिहिली होती. विमान वायुदलात दाखल झालं, पथकांमागून पथकं त्यावर उडाली, मुख्य अभियंता म्हणून बाबांचं नाव. उंच शेपटीचं काहीतरी कारण द्यायला हवं, नाहीतर खिळे मोजणारे पकडतील, म्हणून एक वाक्य घातलं. ते लिहून झाल्यावर तिला स्वतःच्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं. काचेच्या खाली, जिथे वैमानिकाचं नाव असतं, तिथे तिने सगळ्यात बारीक ब्रशने स्वतःचं नाव घातलं. क्लबात करतात असं पुष्कळजण. तरी घालताना तिने दार लोटून घेतलं होतं.

प्रदर्शन एका लग्नाच्या हॉलच्या मागच्या दालनात होतं. लांब टेबलं, त्यांवर निळं कापड, आणि कापडावर विमानं, रणगाडे, जहाजं. मधून मधून पोटाशी हात बांधून वाकलेले पुरुष, कारण हात मोकळे सोडले की बोट लागतं. जर-तरचं टेबल शेवटी, चहाच्या थर्मासला लागून. तिने विमान मांडलं, कार्ड उभं केलं, काचेवरचा ठसा भिंतीच्या बाजूला जाईल असं त्याचं तोंड वळवलं. नवरा गाडी लावून यायचा होता. क्लबचे अध्यक्ष — त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गळ्यात कायम एक भिंग लोंबत असे — दुरून हात हलवून म्हणाले, "येतो हं तुमच्याकडे!" तिने मान डोलावली. मग ती बाबांना आणायला दाराशी गेली.

ते टेबलांमधून हळूहळू येत होते. कुठे थांबत नव्हते. विमानांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली, एखाद्याच्या घरात शिरताना आतली खासगी गोष्ट दिसली की माणूस काढून घेतो तशी. तिला वाटलं, चुकलंच आपलं. सांगून आणायला हवं होतं... पण आता परत फिरवणं त्याहून वाईट. ती पुढे झाली, त्यांच्या कोपराला हात लावला आणि उगाच खेळकर आवाजात म्हणाली, "ओळखा बघू."

बाबांनी ओळखलं. ओळखलं हे तिला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून वाकले. आधी नाक बघितलं, मग हवा आत घेणारी दोन तोंडं, मग पंखाची मूळजागा. बोट न लावता, बोट त्याच्यावरून हवेत फिरवत. शेपटीपाशी बोट थांबलं. थांबलंच. मग त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला, लावला आणि कार्ड हातात घेऊन वाचायला लागले. मुख्य अभियंता! केवढी ती फुशारकी, चारचौघांत मांडून ठेवलेली. ते संकोची; त्यांना हे आवडायचं नाही... त्यांचे ओठ वाचताना हलत होते. ती त्यांच्या ओठांबरोबर मनात वाचत गेली. "पहिल्या विमानाच्या शेपटीतला दोष लक्षात येताच शेपूट हातभर उंच करण्यात आली. त्यानंतर या विमानाला एकही अपघात झाला नाही."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. नीट, तिने ठेवलं होतं तसं उभं. चष्मा काढला.

"तुला कधी कळलं?" ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"शेपटीचं."

पलीकडे कुणीतरी थर्मासची तोटी दाबली. चहा कागदी कपात पडल्याचा आवाज आला. तिला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं, आणि तरीही एक मोठी गोष्ट आपल्या दिशेने घरंगळत येते आहे, तिच्यापासून बाजूला व्हायला जागा नाही, एवढं कळलं होतं.

"मी मुख्यबिख्य नव्हतो गं," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा, भाजीबिजीबद्दल बोलल्यासारखा. "मी शेपटीचा होतो. आमचा पाचसहा जणांचा गट, त्यात आकडेमोड माझी. वजन कमी करा म्हणून मागे लागले होते सगळे, मी म्हटलं इथून निघेल. काढलं. बरोबर तू म्हणतेस तेवढंच. हातभर." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "वेगात कूस बदलली की नाक बाजूला जायला लागलं. वैमानिक येऊन सांगायचा. मी पुन्हा गणित करायचो, गणित बरोबर यायचं. पुढे त्या सकाळी ते गेलं ते परत आलंच नाही. आडवंच झालं वाऱ्याला."

"बाबा..."

"वरचे तर चालू ठेवा म्हणत होते. दुसरं बांधू, शेपूट वाढवू. मीच म्हटलं, माझ्याच्याने नाही होणार. मी असा नाही म्हणून बसल्यावर बाकीच्यांचाही धीर गेला. तुझ्या आईला उलटं सांगितलं. तिला तेच बरं वाटलं." त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. "मला वाटायचं, तुलाही तेच वाटतं. इतकी वर्षं तू तेच सांगत असायचीस ना सगळ्यांना. मी आतल्या खोलीतून ऐकायचो... आता कळलं, तू मला सांभाळून घेत होतीस."

नाही. नाही हो बाबा! मला काही ठाऊक नव्हतं, कोंबडीसारखं दिसत होतं म्हणून मी... ती शेपूट दुसऱ्याच खोक्यातली आहे, उरलेली... हे सगळं तिच्या तोंडात तयार होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. आणि तेवढ्यात, कुठून कोण जाणे, तिला तो दिसला — वैमानिक. काका म्हणायची ती त्याला. त्यांच्या घरी जेवायला यायचा आणि जेवून झालं की खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत बसायचा. आई ओरडायची, मोडेल हो खुर्ची! तो म्हणायचा, "मोडत नाही वहिनी, तोल कुठे जातो तेवढं बघतोय," आणि बाबा हसायचे. बाबा हसायचे! किती वर्षांत आठवलं नव्हतं हे. तो गेल्यावर त्याची बायको काही दिवस यायची, आईपाशी बसून राहायची, आणि बाबा तेवढा वेळ मागच्या खोलीत दार लावून... तिला तेव्हा वाटायचं, बाबा माणूसघाणे आहेत. शिष्ट आहेत. बाहेर येऊन दोन शब्द बोलायला काय होतं यांना?

आणि आपण लिहिलं, एकही अपघात झाला नाही. एका ओळीत. खुर्ची झुलवणारा तो माणूस एका ओळीत पुसून टाकला आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. त्याच्या जागेवर स्वतःचं नाव घातलं, दार लोटून, बारीक ब्रशने, हौसेने...

बाबा नेमके तिथेच बघत होते. काचेच्या खाली. अक्षरं फार बारीक होती. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, टेबलाच्या कडेला हात टेकून वाकले आणि वाचलं. ते वाकलेलेच राहिले. किती तरी वेळ तिला फक्त त्यांची मान दिसत होती, कॉलरच्या वर सैल झालेली, नीट दाढी केलेली मान.

"तू बसलीस यात," ते म्हणाले. "सगळं माहीत असून."

तिला तोंड लपवायला जागा हवी होती. कडी असलेलं एखादं दार. पण दालन सगळीकडून उघडं होतं, आणि समोरून गळ्यातलं भिंग सावरत अध्यक्ष येत होते.

"वा वा वा! हे बाबा का तुमचे? नमस्कार. काय विमान केलंय हो मुलीने तुमच्या! आणि विमानापेक्षा मी म्हणेन कार्ड. हा जो दोषाचा मुद्दा काढलाय ना यांनी — आधी शेपूट बुटकी, मग चूक कळली, मग उंच — झकास! आमचे लोक काहीही लिहितात हो, पण हे कसं, वाचताना खरं वाटतं." ते तिच्याकडे वळले. "सुचलं कसं म्हणायचं तुम्हाला? की आपलं ठोकून दिलंत?"

ते हसत होते. तीही हसायच्या बेतात होती. हसून म्हणायचं, ठोकूनच दिलं हो. तीन शब्द, थट्टेत, आणि सगळं खरं बोलून झालं असतं. बाबांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळल्यासारखं कळलं असतं. तिने ओठ उघडले...

"ठोकून दिलेलं नाही ते," बाबा म्हणाले. काठी टेकून ते सरळ उभे राहिले होते. "तिला ठाऊक आहे. ती चूक माझी होती. आमचा वैमानिक गेला त्यात."

अध्यक्षांचं भिंग हातातच राहिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, हे खरं का अशा नजरेने. आणि ती — तिने मान हलवली. हो म्हणून. अगदी थोडी हलवली, पण हलवली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जो आदर आला तो बाबांसाठी होता आणि तिच्यासाठीही होता, आणि तिच्या वाट्याचा आदर तिला अंगावर उकळतं काहीतरी सांडल्यासारखा लागला. अन्याय झालेल्या माणसाची मुलगी म्हणून हळहळ घेताना कधी एवढं भाजलं नव्हतं. ती हळहळही खोटीच होती की, आता कळतंय. पण तेव्हा निदान मला माहीत नव्हतं. हे मी माहीत असून घेतलं.

"बसा ना, बसा," अध्यक्षांनी खुर्ची ओढली. बाबा बसले. चहा आला. आणि मग बाबा बोलायला लागले. आधी अध्यक्षांशी, मग गाडी लावून आलेल्या नवऱ्याशी, मग शेजारच्या टेबलावरचा एकजण येऊन उभा राहिला त्याच्याशी. तळहात सपाट धरून ते दाखवत होते — हे नाक, हा वारा, कूस बदलताना शेपटीने असं धरून ठेवायला हवं, आणि ती आखूड असेल तर बघा... तळहात आडवा झाला. ते त्याचं नाव घेत होते, काकाचं. घरात इतक्या वर्षांत न निघालेलं नाव, सहज, चहाच्या घोटांमध्ये. काय त्याचे हात होते, म्हणाले, काय हात! दर थोड्या वेळाने ते तिच्याकडे बघत, आणि त्या बघण्यात असं काही होतं की ती दर वेळी नजर टेबलाच्या निळ्या कापडाकडे नेत होती. तिला वाटलं, हा माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे. वाटलं, याला आता परत मागच्या खोलीत कोण पाठवील? मी? सत्य सांगून? का — तर माझं मन साफ व्हावं म्हणून?

पण हेही तिला पटेना. सत्य गिळायला असली सोयिस्कर कारणं आपल्याला नेहमीच सापडत आलेली आहेत. कल्हई करायला आपला हात पहिल्यापासून चांगला.

परत येताना बाबा पुढच्या सीटवर बोलतच होते. नवरा हं हं करत होता, मधूनच आरशातून तिच्याकडे बघत होता, आता भुवया न उडवता. एकदा सिग्नलला थांबल्यावर मान वळवून हळूच म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस ते?" रागावून नाही, दुखावल्यासारखा. म्हणजे आता यालाही सांगावं लागणार होतं काहीतरी. खरं सांगितलं तर हा बाबांपुढे नाटक करेल, आणि याला नाटक जमत नाही. खोटं सांगितलं तर लग्नाच्या इतक्या वर्षांमागे एक लपवलेली गोष्ट उभी राहील, जी कधी नव्हतीच. ती खिडकीबाहेर बघत राहिली. एका दुकानदाराने दुपारनंतर नुकतंच शटर उघडलं होतं आणि तो ओल्या फडक्याने पाटीवरची अक्षरं एकेक करून पुसत होता.

"आईला कधी कळू दिलं नाहीस ना तू?" बाबांनी पुढूनच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. दिवसभरात तिने बोललेला तेवढाच एक शब्द खरा होता, आणि तोही अशा जागी जाऊन बसला की सगळ्यात मोठं खोटं तोच झाला.

"बरं केलंस," बाबा म्हणाले. "तिला नसतं झेपलं."

घराच्या जिन्याशी नवरा डबा घेऊन पुढे गेला. बाबा एरवी कठडा धरून चढत. आधार द्यायला गेलं तर "चढतो मी" म्हणत आणि हात झटकल्यासारखा बाजूला घेत. आज त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात तिच्या कोपरात अडकवला, न विचारता, भार टाकून. बाबांचं वजन किती आहे हे तिला आजवर माहीतच नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जास्त होतं. हाडं दणकट, दंड अजून घट्ट. ती एका अंगाला कलली, मग तिने पाय रोवून तोल धरला.

अर्ध्या जिन्यात ती थांबली. "बाबा," ती म्हणाली.

"हं?"

ते तिच्याकडे बघत होते. घामाने कपाळ चमकत होतं, श्वास चढला होता आणि चेहरा मोकळा होता, सकाळीच नव्हे तर तिच्या आठवणीत कधीही नव्हता इतका मोकळा. ती आत शोधत होती — ती कळ, पोटातली, जिच्यापासून आपण आयुष्यभर बाथरूममध्ये, वाक्यांमध्ये, ऐटींमध्ये दडून बसलो. ती होती. पण जागेवर नव्हती. वर सरकून छातीशी आली होती, आणि तिच्यापासून पळावंसं वाटत नव्हतं. उलट कुणी येऊन ती काढून घेईल की काय, अशी धास्ती वाटत होती...

"दम लागला का तुला?" बाबांनी विचारलं.

"थोडासा," ती म्हणाली.

"लागू दे. थांबू या जरा."

दोघं थांबली. खाली कुणीतरी दार उघडलं आणि लावलं. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसत गेला, तिचा बसत नव्हता. मग त्यांनी तिच्या हाताला हलकासा दाब दिला, चल म्हणून, आणि तिने पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.